सात आठे छप्पन्न

प्रिय ब्रॉन,

पत्र पाहून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. आपल्या वयात हाताने पत्ता लिहिलेला लिफाफा आला की माणसं चष्म्याआधी रुमाल शोधतात, म्हणून आधीच सांगून टाकते. डेस ठणठणीत आहे, मी ठणठणीत आहे, कुत्र्याचा पाय बरा झालाय आणि मेंढ्या होत्या तितक्याच मूर्ख आहेत. मग फोन का नाही केला, असं तू विचारशील. त्याचं खरं कारण शेवटी येईल. तोपर्यंत असं समज, की फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि आज मला बरीच वाक्यं पुरी करायची आहेत.

बातमी अशी, की मी विद्यापीठात शिकायला निघाले आहे. समुपदेशनाची पदवी. हसून घे, मी थांबते. डेस दोन दिवस हसला. तिसऱ्या दिवशी जेवताना मटणाचा तुकडा काट्यावर धरून म्हणाला, "लोकांचं ऐकून घ्यायला पदवी कशाला लागते गं? तीस वर्षं माझं ऐकतेसच की." मी म्हटलं, "तुझं ऐकते म्हणून तर रीतसर शिक्षणाची गरज वाटायला लागली." तो पुन्हा हसला, पण जरा बेतानं. गेल्या महिन्यात मला छप्पन्न पुरी झाली. सात आठे छप्पन्न. या वयात माणसं गुडघे बदलून घेतात, मी धंदा बदलते आहे. अडचण एकच. दोन ठिकाणी अर्ज केला होता आणि दोन्हीकडे घेतलं. एक ऑनलाइन, घरबसल्या. दुसरं तुमच्या ॲडलेडला, रोज वर्गात जाऊन, दोन वर्षं. शुक्रवारपर्यंत एकाला हो म्हणायचं आहे.

हे खूळ कुठून आलं ते सांगते. बावीस वर्षं मी टपालाची गाडी चालवते, सोमवारी आणि गुरुवारी, सव्वीस फार्म, साडेपाचशे किलोमीटर धूळ. आमच्याकडचा पुरुष घरात बोलत नाही, दवाखान्यात बोलत नाही, चर्चमध्ये देवाशीसुद्धा पावसापाण्यापलीकडे बोलत नाही. पण फाटकाजवळ, टपालाच्या पेटीपाशी, गाडीच्या टायरला बुटानं ढोसत आणि माझ्याकडे अजिबात न बघता तो बोलतो. मागच्या दुष्काळात सरकारनं शहरातून एक समुपदेशक धाडला होता, दर बुधवारी. पोरगा भला होता. गाडीच्या दारावर हातभर अक्षरांत 'मन मोकळं करा' लिहिलेलं, आणि ती गाडी तो बरोबर बारसमोर लावायचा. या गावात कुणाची पिकअप कुठं किती वेळ उभी होती हे रात्रीच्या जेवणाआधी सगळ्यांना ठाऊक असतं. सहा महिन्यांत त्याच्याकडे एकच माणूस गेला, तोही रस्ता विचारायला. बाकी आमचे दुःखावरचे इलाज तुला माहीतच आहेत. बोलायचं काही नाही, केक करून पाठवायचा. मोठं दुःख असेल तर मोठा केक.

तर गेल्या वर्षी एका गुरुवारी, नाव सांगत नाही (बघ, पदवीआधीच गुण लागला), एक म्हातारा त्याच्या पेटीपाशी उभा होता. बायको जाऊन चार महिने झालेले. हातात घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी. म्हणाला, "हे गावात ने. पोलीस सार्जंटला म्हणावं, तुझ्या कपाटात ठेव. थोडे दिवस." घोंगडीतून बंदुकीची नळी डोकावत होती. ब्रॉन, मला सगळं लख्ख कळलं, आणि बोलायची वेळ आली तेव्हा माझ्या तोंडातून काय निघालं असेल? "पावती देऊ का?" बावीस वर्षांची सवय. त्यानं आधी घोंगडी माझ्या हातात दिली. मग हसायला लागला, इतका की त्याला ठसका लागला, आणि हसता हसता रडायला लागला. मी गाडीच्या पायरीवर बसले, तो टायरला टेकून खाली बसला आणि दीड तास बायकोच्या टोमॅटोच्या वाफ्याबद्दल सांगत राहिला. पुढच्या अकरा पेट्यांचं टपाल उशिरा पोचलं आणि अकराही घरांनी तक्रार केली. म्हातारा आता बरा आहे. दर पंधरवड्याला डॉक्टरकडे जातो आणि मला बघितलं की ओरडतो, "पावती अजून मिळाली नाही, लिनेट!" सगळं छान झालं. पण घरी येऊन भांडी घासताना एकच ताट मी चारदा घासलं. जे बरोबर पडलं ते नशिबानं पडलं. पुढच्या वेळी विनोद चुकला तर? म्हणून शिकायचं. केक मला पूर्वीपासूनच बरा येत नाही.

मग माहितीपत्रकं मागवली. ऑनलाइनवाल्यांच्या पत्रकावर एक बाई समुद्रकिनाऱ्यावर मांडीवर लॅपटॉप घेऊन हसते आहे. वाळूचं काय करते, देव जाणे. कॅम्पसवाल्यांच्या पत्रकावर पाच पोरं हिरवळीवर पुस्तकं उघडून हसताहेत, एकाचीही नजर पुस्तकात नाही. म्हणजे समुपदेशक व्हायचं तर हसणं दोन्हीकडे सक्तीचं. ऑनलाइनवाल्यांच्या कॅलम नावाच्या सल्लागाराचा फोन आला. त्याला बहुतेक शिकवलेलं असावं की समोरच्याचं नाव घेतलं की जवळीक वाढते. "लिनेट, तुमच्या सोयीनं शिका, लिनेट." अकरा वेळा मोजलं मी. मग त्यानं विचारलं, "आणि इंटरनेट कसं आहे तुमच्याकडे, लिनेट?" मी म्हटलं, चांगलं आहे, फक्त छपरावरच्या डिशची वायर पोपट कुरतडतात. तो म्हणाला, "हा हा, पोपट!" त्याला वाटलं मी गंमत करतेय. त्याच आठवड्यात पोपटांनी वायर खाल्ली आणि डेस छपरावर चढून त्यांना असं काही बोलला की त्यांची पिल्लं आता तेच बोलत असतील.

पण थट्टा पुरे. ऑनलाइनला मी नावं ठेवणं म्हणजे आईच्या दुधाला नावं ठेवणं. तू आणि मी दुसऱ्या कशानं शिकलो? रेडिओवरची शाळा. मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात स्टुलावर, तू तीनशे किलोमीटरवर तुमच्या व्हरांड्यात, आणि मधे मिस पॅस्कोंचा आवाज, जणू त्या पत्र्याच्या डब्यातून बोलताहेत. माइकचं बटण दाबायचं, बोलायचं, 'संपलं' म्हणायचं, बटण सोडायचं. बटण दाबलेलं असताना तुला कुणाचं ऐकू येत नाही, तुझं मात्र सगळ्यांना जातं. पाच वर्षं तू मला फक्त आवाज होतीस. शाळेच्या पहिल्या शिबिरात प्रत्यक्ष भेटलीस तेव्हा मला धक्काच बसला. तुझ्या आवाजावरून मी सहा फुटी मुलगी धरून चालले होते, आणि समोर दोन वेण्यांचं चिमणीएवढं पोर. "तू एवढीशीच?" असं मी म्हणाले आणि तू माझ्या नडगीवर लाथ मारलीस. मैत्री पक्की झाली. ज्यांना घर सोडता येत नाही, अंगावर लहान पोरं आहेत, खाटेवर सासरा आहे, त्यांच्यासाठी ती खिडकी आहे आणि मी त्याच खिडकीतून वाढले. माझी तक्रार खिडकीबद्दल नाही. तिच्याआड बसायची मला सवय किती झाली आहे, त्याबद्दल आहे.

ऑनलाइनची मुलाखत झाली तेव्हा पडद्यावर दोन प्राध्यापक होते. ते बोलायचे, मी त्यांचं बोलणं संपलं तरी तीन सेकंद गप्प राहायची, मग उत्तर द्यायची आणि शेवटी म्हणायची, "संपलं." चौथ्या की पाचव्या वेळेला माझ्या लक्षात आलं. मेले मी लाजेनं. पण त्यातल्या बाई भारावून म्हणाल्या, "तुमची शांतता फार सुंदर आहे, लिनेट. लोकांना ही शिकवायला आम्हाला वर्ष लागतं." त्यांना काय सांगू, की ही शांतता नाही, पलीकडच्यानं बटण सोडलं की नाही याची वाट बघणं आहे! दुसऱ्या दिवशीच होकार आला, विशेष शिफारशीसह.

आणि कॅम्पसची मुलाखत. आता एक कबुली देते. ऑगस्टमध्ये मी तुझ्याकडे तीन दिवस दात दाखवायला आले होते ना? माझे दात उत्तम आहेत. तू तीन दिवस मला सूप पाजलंस, स्वतः माझ्यासमोर कोकराचं रोस्ट खाल्लंस, आणि मी गाल धरून बसले. देव शिक्षा देतो तो रोस्टचा वास पाठवून. सांगितलं असतं तर तू विद्यापीठात माझ्याबरोबर आली असतीस आणि माझ्या वतीनं उत्तरं दिली असतीस. तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला दुसऱ्याला चुकू देणं जमत नाही. तर तिथं गोलात खुर्च्या मांडलेल्या, आम्ही बारा उमेदवार. म्हणाले, जोड्या करा, पाच मिनिटं एकानं बोलायचं, दुसऱ्यानं नुसतं ऐकायचं. माझ्या वाट्याला तेवीस वर्षांची एक मुलगी आली, नाकात चमकी, बुटांना वेगवेगळ्या रंगाच्या नाड्या. सुरुवातीला काहीबाही बोलली. मग तिची आई कशी एका शनिवारी कपड्यांची बॅग घेऊन गेली ते सांगायला लागली, आणि तिचा चेहरा माझ्यासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या अंतरावर, विस्कटला. मला तेव्हा कळलं की माझा उजवा अंगठा मांडीवर रुतून बसलाय. बटण शोधत होता. बटण नव्हतं. मी तिला दिसत होते. मला कुठं जाता येत नव्हतं, आणि मी ऐकलं नाही असं म्हणण्याची सोय नव्हती. मी तिचा हात धरला. ते नियमात बसत नाही, असं नंतर कळलं. तेही तिथंच शिकवतील म्हणे.

तर तुझ्या ध्यानात आलंच असेल. हे पत्र तुझ्या हाती पडेल तोवर मी कॅम्पसला हो कळवलेलं असेल. डेसला सांगितलं तेव्हा त्यानं पेल्यातला चहा संपवला आणि म्हणाला, "जा. नाही गेलीस तर उरलेलं आयुष्य मला ऐकवशील की गेले नाही. दोन वर्षं त्यापेक्षा स्वस्त पडतील." त्याच्या तोंडून याहून मोठं प्रेमपत्र मला मिळालेलं नाही. महिन्यातून एकदा तो येणार आहे, शहरात गाडी कुठं लावायची या भीतीवर मात करून. टपालाची गाडी त्याची बहीण रेलीन चालवेल. ती पोस्टकार्डं वाचते आणि मग पत्त्यावर पोचल्यावर तोंडीही सांगते, पण लोकांना सवय होईल. मी खूश आहे, ब्रॉन. इतकी, की काल गाडी चालवताना एकटीच गात होते आणि एका फाटकावर दोन मेंढ्या चरायच्या थांबल्या.

राहायचा प्रश्न तेवढा आहे. सुपाच्या दुसऱ्या संध्याकाळी तू मला मागची खोली दाखवलीस, पिवळ्या पडद्यांची. म्हणालीस, "पोरगी वेगळी राहायला गेल्यापासून रिकामी आहे. कुणीतरी राहायला हवं गं इथं." मी सूप प्यायले. मग तू तुझ्या आईबद्दल बोलायला लागलीस. त्या दिवशी आई घर सोडून गेली तेव्हा गणिताचा तास होता, तू व्हरांड्यात होतीस, एवढं सांगितलंस, आणि म्हणालीस, "एक बरं झालं, लिन. रेडिओ बंद होता. कुणाला काही कळलं नाही. मावशी आजारी आहे म्हणून गेली, हेच सगळ्यांना माहीत." आणि वर हसून, "आणि काय योगायोग बघ, त्याच आठवड्यात शाळेची केकची स्पर्धा होती म्हणे. चौदा केक आले आमच्याकडे. बाबा बिचारे महिनाभर केक खात होते." मी म्हटलं, "हो का?" हो का! छप्पन्न वर्षांची बाई, त्याच सकाळी ऐकण्याची परीक्षा पास होऊन आलेली.

ब्रॉन, रेडिओ बंद नव्हता. मिस पॅस्कोंनी तुला विचारलं, सात आठे किती. तू म्हणालीस छप्पन्न, आणि तुझं बटण अडकलं. बारा मिनिटं. तुला आमचं कुणाचं ऐकू येणं शक्य नव्हतं, तुझं मात्र आम्हा एकोणीस घरांना येत होतं. तुझी आई, बॅगेची कडी, तुझं "मी पण येऊ?", तिचं "बाबांना कोण बघेल?", गाडी सुरू झाल्याचा आवाज. मग तू रडलीस. आणि मग, कुणी सांगितलेलं नसताना, तू सातचा पाढा म्हणायला लागलीस. सात एके सात. सात दाहे सत्तरपर्यंत, आणि पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या वेळेला मधेच आवाज तुटला, बटण सुटलं, आणि रेडिओ मोकळा झाला. आता कुणीही बोलू शकत होतं. माझा अंगठा माझ्या बटणावर होता. नुसतं "ब्रॉन, मी आहे" एवढंच म्हणायचं होतं. माझ्या आईनं येऊन हळूच माझा हात बाजूला केला आणि म्हणाली, "आपण काही ऐकलं नाही हां, लिन." मिस पॅस्को म्हणाल्या, "छप्पन्न बरोबर, ब्रॉनविन. आता नऊचा पाढा." दुसऱ्या दिवशी रेडिओवरच्या बायकांच्या गप्पांच्या वेळी तुझ्या बाबांनी मावशीच्या आजाराचं सांगितलं आणि एकोणीसही घरांनी विचारलं, "मावशींना आता कसं आहे?" मग केक आले. स्पर्धा कसली गं! आमच्याही घरून गेला. आईनं केला आणि वरच्या साखरेवर मी बोटानं काहीतरी लिहिलं होतं, रस्त्यातल्या धुळीत पुसलं गेलं असेल.

हे तुला आज का सांगते आहे, तेही आयुष्यभर तुझ्या मनाला बरं वाटलेलं एक खोटं मोडून? कारण मी तुझ्या पिवळ्या पडद्यांच्या खोलीत राहायला येऊ इच्छिते, आणि दिवसभर लोकांचं ऐकायला शिकून संध्याकाळी तुझ्यासमोर "हो का?" म्हणत बसणं मला जमणार नाही. तू नको म्हणालीस तर मला समजेल. वसतिगृहात जागा आहे, अठरा वर्षांच्या चार मुली आणि एक न्हाणीघर. रागावलीस तर राग, रडलीस तर रडणं, सगळं मला पाठव, या वेळी मी काही ऐकलं नाही असं म्हणणार नाही. हे फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच काहीतरी बोलून मला सोडवलं असतंस, म्हणून पत्र. सेहेचाळीस वर्षं माझा अंगठा त्या बटणावर आहे. तेव्हा राहिलेलं आता म्हणते. ब्रॉन, मी आहे. मी सगळं ऐकलं. तुझा पाढा तिन्ही वेळा बरोबर होता. आता मी बटण सोडते, तू बोल. लागेल तेवढा वेळ घे.

तेव्हाही तुझीच होते, आताही तुझीच,
लिनेट